मागच्या रांगेतले वाद्य

वाचकांना हे वाचून हसू येईल, आणि यावेही. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी गिटार हातात घेतली. तीही साधी गिटार नव्हे, बास गिटार. जाड चार तारांची, लांब मानेची, अंगाने जड. सिनेमातला नायक जी गळ्यात अडकवून गाणे म्हणतो ती ही नव्हे. ही वाजवणारा माणूस ड्रमवाल्याच्या बाजूला, मागे, अर्ध्या अंधारात उभा असतो. हिचा आवाज कानाला कमी आणि छातीला जास्त कळतो. कार्यक्रम संपल्यावर लोक गायकाचे नाव विचारतात, फार तर गिटारवाल्याचे विचारतात. बास कोण वाजवत होते हे कुणी विचारत नाही.

आणि आठ महिन्यांत मी शिकलो ते एकच गाणे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे, १९५४ सालचे. ते का शिकलो हे सांगायचे तर आधी दोन पिढ्यांची गोष्ट सांगावी लागेल.

माझे वडील गायन पार्टीत झीलकरी होते. नव्या पिढीसाठी सांगतो, शाहीर पुढे उभा राहून गातो आणि मागे दोघे-तिघे त्याच्या ओळीचा शेवट उचलून धरतात, ते झीलकरी. वडिलांच्या हातात तुणतुणे असे. त्यांचे लाकडी तुणतुणे एकदा बैलगाडीतून पडून फुटले. नवे घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्याचा तळ कापला, तिथे कातडे ताणून बसवले, बाजूला काठी ठोकली, एक तार ओढली आणि तेच पुढे वीस वर्षे वाजवले. जयंतीच्या दिवसांत पार्टीला आठ-दहा गावांची आमंत्रणे येत. हँडबिलावर शाहिरांचे नाव ठळक छापलेले असे आणि खाली बारीक अक्षरात 'आणि पार्टी'. माझे वडील त्या 'आणि पार्टी'त होते. त्यांचे नाव छापून आले ते आयुष्यात एकदाच, आणि ते वाचायला ते नव्हते. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर.

शाळेत पोरे मला 'जी जी' म्हणून चिडवत. शाहिराचा मुलगा वर्गात ताठ बसायचा आणि मी झीलकऱ्याचा मुलगा खाली बघायचो. तेव्हाच मनाशी ठरवले होते की आपले मूल मागे बसणार नाही.

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. २०१६ साल. शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून त्याने एक जुनी बास गिटार विकत घेतली. कॉलेजात चार पोरांचा बँड होता. वर्षभराने त्याने कार्यक्रमाचा फोटो मोठ्या कौतुकाने मला दाखवला. गाणारा मुलगा पुढे, एक गिटारवाला त्याच्या शेजारी, आणि आमचे चिरंजीव ड्रमच्या झांजेमागे, अर्धा चेहरा दिसतो न दिसतो असे. मी फोटो परत देत म्हणालो, "माझा बाप जन्मभर मागे बसला. तुला एवढं शिकवलं ते मागे उभं राहायला?"

तो काही बोलला नाही. त्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. पुढच्या रविवारी गिटार काळ्या पिशवीत घालून, चेन लावून कपाटावर गेली. २०१८ मध्ये मुलगा नोकरीसाठी बंगळूरला गेला, पिशवी कपाटावरच राहिली. आमच्यात भांडण झाले असे कुणी म्हणणार नाही. फोन रोज येत होता. "बीपीची गोळी घेतली का?" "घेतली." "लाईट बिल भरलं, बघा." "बरं." "आईला द्या." पाच वर्षे आम्ही दोघे एवढेच बोलत होतो.

२०२२ मध्ये मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. पुढच्या वर्षी मे महिन्यात घराला रंग काढायचा म्हणून कपाट हलवले आणि पिशवी खाली आली. पुसायला म्हणून उघडली. गिटारच्या मानेखाली एक घडी घातलेला कागद होता. कागदावर पट्टीने आखलेले सोळा चौकोन, वर मुलाच्या अक्षरात 'हूची कूची मॅन'. पहिल्या आठ चौकोनांत कडेला एकेक काळा ठिपका आणि बाकी जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेत मराठीत एकच शब्द, आठही वेळा: 'थांब'.

बाकी सगळे इंग्रजीत आणि हा एक शब्द तेवढा मराठीत. तो कागद मी शर्टाच्या खिशात ठेवला. रंगारी निघून गेले तरी तो खिशातच होता.

आमच्या गल्लीत, कल्याण पूर्वेला, मुलाचा एक शाळासोबती राहतो. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. हळदीचे, लग्नाचे, जयंतीचे, सगळे कार्यक्रम करतो. त्याच्या दारात गेलो.

"जयभीम काका. या ना. कुणाला शिकायचंय? भाच्याला?"

"मला."

त्याने हसू दाबले, हे त्याचे मोठेपण. म्हणाला, आधी एखादे सोपे हिंदी गाणे घेऊ. मी खिशातला कागद पुढे केला. त्याने तो उलटसुलट बघितला, अक्षर ओळखले आणि म्हणाला, "हे दिसायला सोपं आहे, काका." त्या 'दिसायला' शब्दाचा अर्थ कळायला मला पावसाळा उलटावा लागला.

पहिले दोन महिने बोटांतच गेले. बासच्या तारा साध्या गिटारच्या तारांहून खूप जाड. उजव्या हाताची पहिली दोन बोटे आळीपाळीने चालवून त्या छेडायच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी मानेवर दाबायच्या. आठवड्यात दोन्ही बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. आमटीत बोट बुडाले की डोळ्यांत पाणी यायचे. शिक्षक म्हणाले, "फोडांचं घट्टं झालं की दुखणार नाही." मी त्या पोराला 'सर' म्हणू लागलो होतो. आधी तो लाजला, मग सवय झाली.

चार तारांची नावे ई, ए, डी, जी. सगळ्यात जाड ती ई. हे गाणे ए या सुरात आहे, म्हणजे ए हा आपला षड्ज धरायचा. मग त्याच्या बारीक बाजूची डी तार मोकळी वाजवली की मध्यम मिळतो आणि जाड बाजूची ई तार मोकळी वाजवली की खालचा पंचम मिळतो. सा, म, प. ब्लूज नावाच्या या गाण्यांचा सगळा संसार बहुधा एवढ्या तीन घरांत चालतो. हे कळले तेव्हा मला फार धीर आला. निसर्गानेच तीन तारा या गाण्यासाठी लावून ठेवल्या आहेत असे वाटले. सरांनी सांगितले, "निसर्गाने नाही काका, कारखान्याने."

साधा ब्लूज बारा खान्यांचा असतो. चार खाने सा वर, दोन म वर, दोन परत सा वर, मग एक प, एक म आणि शेवटचे दोन पुन्हा सा. या गाण्यात पहिल्या चारांचे आठ केले आहेत, म्हणून सोळा खाने. आणि या पहिल्या आठांतच सगळी गंमत आहे. गायक, हार्मोनिका, गिटार, पियानो, बास, ड्रम, सगळे मिळून चार-पाच सुरांचा एक छोटा, जड पावलांचा तुकडा वाजवतात आणि थबकतात. एकदम शांत. त्या शांततेत गायक एकटा एक वाक्य बोलतो. मग पुन्हा तोच तुकडा, पुन्हा शांतता, पुन्हा एक वाक्य. असे आठ वेळा. त्यानंतर सगळी वाद्ये धरण फुटल्यासारखी एकत्र धावतात. आपल्याकडे शाहीर पोवाडा म्हणताना मध्येच ढोलकी थांबवून गद्यात चार शब्द बोलतो आणि सभा श्वास रोखून धरते, तसेच काहीसे.

आता हे गाणे कुणाचे ते सांगतो, कारण मलाही ते शिकता शिकताच कळले. १९७२ साली आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चळवळीकडून घेतले, हे आपण सारे जाणतो. त्या वेळचा मी शाळकरी पोर. नाव ऐकले, घोषणा ऐकल्या. पण ती माणसे दिवसभर राबून रात्री काय गात होती हे ऐकण्याचे माझ्या कधी मनातही आले नाही. ते माझ्या मुलाने ऐकले, आणि मी त्याला ऐकू दिले नाही.

हे गाणे गायले मडी वॉटर्स यांनी. खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेल गावाजवळ कापसाच्या एका मोठ्या मळ्यावर राबून ते वाढले. १९४३ मध्ये शिकागोला आले. त्या काळात दक्षिणेतले लाखो काळे लोक शेती आणि अपमान मागे टाकून उत्तरेच्या शहरांत येत होते. गावात अंगणात बसून वाजवायची गिटार शहराच्या गोंगाटात ऐकू जाईना, म्हणून तिला वीज जोडली गेली. शिकागोचा ब्लूज तो हाच. चेस रेकॉर्ड्स या कंपनीसाठी ७ जानेवारी १९५४ रोजी हे गाणे ध्वनिमुद्रित झाले.

पण गाणे लिहिले मडी वॉटर्स यांनी नव्हे. ते लिहिले विली डिक्सन यांनी. आणि त्या दिवशी विली डिक्सन होते कुठे? मडींच्या मागे. माणसाएवढा उंच, उभा बास धरून त्याच्या तारा ओढत होते.

हे सरांनी सांगितले तेव्हा मी गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणालो, "म्हणजे ज्याने लिहिलं तोच मागे उभा?"

"हो काका. बासवाला."

त्या दिवशी पुढे शिकवणी झाली नाही. मी घरी आलो.

विली डिक्सन यांच्याविषयी मग मिळेल ते वाचले. जन्म १९१५ चा, मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा. आईला बोलता बोलता यमके जुळवायची सवय होती, तीच पोराला लागली. पोरवयातच मिसिसिपीच्या तुरुंगांच्या शेतांवर राबावे लागले. देह धिप्पाड. १९३६ मध्ये शिकागोला आले आणि मुष्टियुद्ध खेळू लागले. १९३७ मध्ये इलिनॉय राज्याच्या गोल्डन ग्लोव्हज स्पर्धेत नवोदितांच्या वजनदार गटात जिंकले. दुसऱ्या महायुद्धात, जो देश आपल्याला समान मानत नाही त्याच्यासाठी आपण बंदूक धरणार नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी लष्करात जायचे नाकारले आणि तुरुंगात गेले.

त्यांना पहिला बास एका मित्राने करून दिला. लिओनार्ड कॅस्टन हे त्या मित्राचे नाव. तो बास कशाचा होता? पत्र्याच्या डब्याचा. डबा, आणि त्यावर ओढलेली एक तार.

हे वाक्य मी दोनदा वाचले. मग उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर तेलाचा डबा आला, कातडे आले, काठी आली. तुणतुणे उंच आवाजाचे आणि बास खालच्या आवाजाचा, हे मला कळते. हजारो मैलांचे अंतर आहे, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हेही कळते. तरी उभा राहिलो खरा.

गाण्याच्या शब्दांविषयी दोन गोष्टी सांगतो. 'हूची कूची' हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या जत्रांत होणाऱ्या एका नाचाचे नाव. कौटुंबिक पानावर एवढे पुरे. गाण्यातला माणूस स्वतःची फुशारकी मारतो. आपण जन्मायच्या आधीच भविष्य सांगणाऱ्या बाईने आईला आपल्याविषयी सांगितले होते म्हणतो, आपल्याकडे नाना तऱ्हेचे ताईत-तोडगे आहेत म्हणतो. हे ऐकून माझ्या कपाळाला आठी पडली. आपण जन्मभर ज्या भोंदूगिरीविरुद्ध बोललो तीच इथे गाण्यात. सर म्हणाले, "काका, तो विकत नाहीये ताईत. तो टेचात बोलतोय." ते खरे आहे. दक्षिणेतल्या काळ्या वस्तीत चालत आलेल्या समजुती डिक्सन यांनी उचलल्या आणि त्यांची फुशारकी केली. हे सगळे त्या लोकांच्या बोलण्यातले होते, म्हणून पहिल्याच ओळीला त्यांनी मान डोलावली असणार. मी मात्र ती आठी पुरती काढलेली नाही.

दुसरी गोष्ट त्या 'मॅन' शब्दाची. अमेरिकेच्या दक्षिणेत काळा माणूस साठ वर्षांचा असला तरी गोरा माणूस त्याला 'बॉय' म्हणे. बॉय म्हणजे पोऱ्या. माझ्या आजोबांना गावातली बारा वर्षांची पोरे एकेरीत हाक मारायची आणि आजोबा "जी" म्हणून पुढे व्हायचे, हे मी स्वतः पाहिले आहे. अशा माणसांपैकी एकाने विजेची गिटार गळ्यात घालून, छाती काढून, सगळ्या वाद्यांना गप्प करून स्वतःला 'मॅन' म्हणायचे! ते वाक्य ऐकू यावे म्हणूनच तर वाद्ये थांबतात. हे कळले आणि त्या सोळा चौकोनांतली मोकळी जागा मला निराळी दिसू लागली.

डिक्सन यांनी आत्मकथनात या गाण्याची गोष्ट सांगितली आहे. शिकागोच्या झांझिबार क्लबात मडी वॉटर्स गात होते. मध्यंतरात डिक्सन त्यांना बाथरूममध्ये घेऊन गेले आणि तिथे उभ्या उभ्या गाणे शिकवले. मडींनी ते त्याच रात्री स्टेजवर म्हटले. मला आठ महिने लागले. असो.

बोटांचे घट्टे झाले, तुकडा हाताला बसला, आणि मग खरी अडचण सुरू झाली. मला थांबता येईना.

बासची तार एकदा छेडली की ती बराच वेळ घुमत राहते. हात उचलला म्हणजे आवाज थांबला असे नाही. तो मुद्दाम थांबवावा लागतो. डाव्या हाताचे बोट तारेवरून न उचलता नुसते सैल करायचे आणि उजवा तळहात हलकेच तारांवर टेकवायचा, दोन्ही एकाच क्षणी. सूर सुरू कधी करायचा याला जेवढी अक्कल लागते तेवढीच तो संपवायला लागते. हे कधी माझ्या डोक्यातच आले नव्हते. माझी शांतता कधी शांत नसायची. कुठली तरी तार मागे कुरकुरत राहायची.

ती जमली तर दुसरे. रिकामी जागा आली की मला धीर धरवत नसे. या गाण्याच्या एका खान्यात चार ठोके आणि प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन लहान ठोके. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, अशी झुलती चाल. शांततेतही ही मोजदाद आत चालू ठेवायची असते. मी मोजायचो, पण भरभर मोजायचो. मोबाईलमध्ये ठेका देणारे यंत्र लावले की ते 'टक' म्हणायच्या आत माझा तुकडा सुरू. सर म्हणायचे, "काका, अजून गायकाचं वाक्य संपलं नाही." मी म्हणायचो, "इथं गायक आहेच कुठे?" "असं समजा की आहे."

संध्याकाळी घरी सराव करायचो. लहानसा ॲम्प्लिफायर घेतला होता. तो स्वयंपाकघराच्या भिंतीशी ठेवला तर मांडणीवरची पितळेची ताटे थरथरायची. शेजारच्या आजींनी दोन दिवस वाट पाहून विचारले, "तुमच्याकडे पिठाची गिरणी लावलीय का?"

एक दिवस ही भाकरी थापत होती आणि मी दारात स्टुलावर बसून वाजवत होतो. तुकडा, थांबा. तुकडा, थांबा. तिचा हात परातीत सारख्या लयीत पडत होता. चौथ्या की पाचव्या खान्याला ती न बघताच म्हणाली, "तुम्ही थांबतच नाही."

"थांबतोय की."

"नाही थांबत. हात थांबतो. तुम्ही नाही थांबत. समोरच्याचं बोलणं संपायच्या आधीच तुमचं सुरू. लग्न झाल्यापासून बघतेय."

मी गप्प. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवले, आणि पुढचा गोळा हातात घेत सहज म्हणाली, "त्या कागदावरचं 'थांब' तुमच्या बाबांचं आहे."

मला कळेना. मग तिने सांगितले. वडील शेवटची चार वर्षे आमच्याकडे होते, २०१२ मध्ये गेले. मी ऑफिसात, ही शेजारणींबरोबर पापड-मसाल्याच्या कामात. दुपारी शाळेतून आला की नातू आजोबांच्या खाटेवर बसायचा आणि आजोबा त्याला तुणतुणे शिकवायचे. तो डब्याचाच. पोरगा घाई करायचा, आजोबा त्याचा हात धरून म्हणायचे, "थांब. शाहीर बोलतोय." तिथे शाहीर कुठे होता? खाटेवर एक म्हातारा आणि एक पोर. संध्याकाळी मी यायच्या आत तुणतुणे खाटेखाली जायचे.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला ते वाद्य डोळ्यांसमोर नको असायचं. बाबांनीच सांगितलं होतं, त्याला सांगू नका."

भाकरी फुगली. तिने ती उतरवली. मी बराच वेळ गिटार नुसती धरून बसलो. वडिलांना माझी लाज कळली होती, आणि ती त्यांनी माझ्यापासून झाकून ठेवली होती. या गोष्टीला मी अजून कुठे ठेवावे हे मला समजलेले नाही.

त्या रात्रीपासून ही परातीजवळ आणि मी दारात, असा आमचा सराव सुरू झाला. ती थापायची, मी मोजायचो. माझी घाई झाली की ती हात उचलून धरायची आणि परात गप्प व्हायची. सरांच्या यंत्रापेक्षा ही शिक्षा कडक, कारण उशीर झाला की जेवण उशिरा.

विली डिक्सन यांची पुढची गोष्ट सांगायची राहिली. त्यांनी शेकडो गाणी लिहिली. ती गोऱ्या पोरांनी इंग्लंडातही वाजवली आणि त्यांचे नाव झाले. पैसा मात्र लिहिणाऱ्याकडे नीट पोहोचत नव्हता. १९७७ मध्ये डिक्सन आणि मडी वॉटर्स या दोघांनी आपल्या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशन कंपनीवर दावा लावला आणि तडजोडीत आपले येणे मिळवले. लेड झेपलिन या मोठ्या इंग्लिश बँडच्या १९६९ च्या एका गाजलेल्या गाण्यात डिक्सन यांच्या गाण्यातले शब्द होते. १९८५ मध्ये ते न्यायालयात गेले, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि गाण्यावर त्यांचे नाव लागले. १९९२ मध्ये ते वारले. चेस कंपनीची शिकागोच्या साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवरची जुनी इमारत पुढे त्यांच्या पत्नीने घेतली. कलावंतांना त्यांचे हक्काचे पैसे मिळावेत म्हणून डिक्सन यांनी काढलेली संस्था आता तिथे आहे. हे मी मुद्दाम लिहितो. मागे उभा राहणारा माणूस म्हणजे आपले सोडून देणारा माणूस, असे मी समजत होतो. हा माणूस मागेच उभा राहिला आणि आपले काही सोडले नाही.

माझ्या वडिलांचा हिशेब कुणी मांडणार नाही. 'आणि पार्टी'चा वाटा किती होता हे विचारायला आता त्यांतले कुणी उरले नाही.

२०२४ च्या जानेवारीत मुलगा चार दिवसांच्या सुट्टीवर आला. मी त्याला फोनवर काही सांगितले नव्हते, हिलाही सांगू दिले नव्हते. गिटार लपवायची की नाही यावर सकाळपासून विचार करत होतो. शेवटी ती खुर्चीला टेकवून तशीच ठेवली. तो आत आला, बॅग खाली ठेवली, आईला भेटला, गिटारकडे बघितले, माझ्या बोटांकडे बघितले, आणि हातपाय धुवायला गेला.

रात्री जेवणे झाली. तो मोबाईल बघत पलंगावर बसला होता. ही भांडी आवरत होती, आवाज न करता आवरत होती. मी स्टूल ओढले, वायर जोडली, आवाज कमी केला आणि सुरू केले. तुकडा. थांबलो. तुकडा. थांबलो. हात ओले झाले होते. डोके वर करायची हिंमत नव्हती. तिसरा खाना. थांबलो. चौथा.

"बाबा."

मी तारांवर तळहात टेकवला.

"चौथ्याला घाई करताय."

"आई पण तेच म्हणते."

त्याने मोबाईल उशीवर पालथा टाकला. उठून समोर आला, जमिनीवर मांडी घालून बसला आणि स्टुलाच्या पायावर बोटांनी ठेका धरला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन.

"पहिल्यापासून घ्या," तो म्हणाला. "मी बोलतो मधलं."